गळका घुमट

१२ ऑक्टोबर २००४

आज गॅस पेटला. पिराजी गवंड्यानं कॉक उघडला, मी काडी ओढली आणि शेगडीवर निळी ज्योत गोल उभी राहिली. दारात जमलेल्या बायकांपैकी दोघींनी आधीच नाकाला पदर लावला होता. आमचा संडास त्याच टाकीला जोडलाय, हे गावात कुणाला ठाऊक नाही? पण वास कसलाच आला नाही.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या संस्थेच्या ऑफिसातून राजवीर सर आले होते. ही डायरीही त्यांनीच दिली, पहिल्या पानावर 'विद्याताई' लिहून. गावातल्या सगळ्या गोबरगॅसची देखरेख आता माझ्याकडं, तेव्हा रोजचं काहीतरी लिहीत जा म्हणाले. बारावीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला लिहायला सांगितलं.

सर म्हणाले, "ताई, चूल राहिली की माणूस परत चुलीकडंच वळतो." मला जोर चढला. पहार घेतली आणि सगळ्यांच्या देखत चूल फोडली. टाळ्या वाजल्या. माझ्या सासूबाई तेवढ्या उठून मागच्या परड्यात गेल्या. नाव रत्नव्वा, पण घर आणि गल्ली त्यांना अव्वाच म्हणते. तिथं त्यांनी तीन विटा मांडल्या आणि आपली भाकरी आपण थापली.

"संडासाच्या आगीवरचं मी खाणार न्हाई. गळ्यात लिंग हाय माझ्या," एवढंच बोलल्या.

हे रात्री हुपरीहून आले. दिवसभर चांदीच्या कारखान्यात पैंजणं जोडून दमलेले असतात. माझ्याकडं पोटभर जेवले, मग हात धुवायच्या निमित्तानं परड्यात गेले. परत आले तेव्हा मिशीला लसणाची चटणी होती. 

९ नोव्हेंबर २००४

दिवाळीचा सगळा फराळ गॅसवर झाला. डोळे चुरचुरले नाहीत, भांडी काळी झाली नाहीत. चकलीची ताटली घेऊन झुंबरबाईकडं चालले होते. त्या वरच्या गल्लीत एकट्याच असतात, आणि माझ्यानंतर पहिला गॅस त्यांनीच बसवलाय. वाटेत चावडीपुढं बाळासो बसला होता, चार टाळकी घेऊन.

"काय वैनी, यंदा चकलीला कसला वास म्हणायचा?"

सगळे फिदीफिदी हसले. माझं तोंड रडवेलं झालं. तेवढ्यात अव्वा पाठीमागनं आल्या. कुठून आल्या देव जाणे.

"बाळासो, तुझी आई चूल फुकून फुकून डोळ्यांनी गेली. तवा हसू आलंतं काय रं तुला?"

त्यानं मान खाली घातली. अव्वा माझ्याकडं न बघता पुढं निघून गेल्या. त्यांचं आणि बाळासोच्या घरचं जुनं काही भांडण असावं.

१८ फेब्रुवारी २००५

राजारामपुरीत मीटिंग होती. सरांनी पेढे वाटले. जपानात क्योटो म्हणून शहर आहे, तिथं जगातल्या देशांनी मिळून एक करार केला होता. तो परवापासून लागू झाला. पृथ्वीभोवती धुराची आणि वायूंची गोधडी जाड होत चालली आहे, त्यामुळं सगळीकडं उष्मा वाढतोय, पाऊस अवेळी आणि एकदम पडतोय, असं सरांनी फळ्यावर काढून दाखवलं. आपण लाकूड जाळत नाही, शेण उघड्यावर कुजू देत नाही, म्हणजे तेवढी गोधडी पातळ. त्याची मोजदाद करून तिकडच्या श्रीमंत देशांतले लोक आपल्याला मोल देणार. त्यातून आणखी गावांत टाक्या बांधायच्या.

म्हणजे तिकडचे कारखाने धूर सोडतच राहणार का? विचारायचं मनात होतं, पण सगळे पेढे खात होते.

घरी येऊन सांगितलं. अव्वा लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "जपानच्या लोकांस्नी आमच्या म्हशीच्या शेणाचं काय पडलंय? हितल्या माणसांस्नी पडंना." मी समजावत बसले नाही. त्यांना या गोष्टी कळायच्या नाहीत.

७ ऑगस्ट २००५

आज शाळेतून घरी आलो. पूर उतरला, पण भिंतीवर छातीएवढी ओल आहे. इतकं पाणी अव्वांनीही कधी बघितलं नव्हतं. खालच्या गल्लीत घराघरांत गाळ. हे पाठीवर अव्वांना घेऊन छातीभर पाण्यातनं शाळेत आले, तो प्रसंग डोळ्यापुढनं जात नाही.

झुंबरबाईंची म्हैस गेली. सोडायला गेल्या तर दावं सुटेना, आणि पाणी चढत होतं. त्यांना लोकांनी ओढून काढलं. घर उंचावर असल्यानं टाकी वाचली, पण घालायला शेण कुठलं? मी त्यांच्याजवळ बसून होते. 

खालच्या गल्लीतल्या टाक्यांत पाणी शिरलंय. पिराजी म्हणतो, काही टाक्यांच्या घुमटांना, म्हणजे गॅस साठतो त्या वरच्या भागाला, तडे असणार. राजवीर सर येऊन फोटो काढून गेले. जाताना म्हणाले, "ताई, हाच तो एकदम पडणारा पाऊस. आता तरी लोकांना पटेल." मला त्या वेळी ते ऐकवलं नाही. खालच्या गल्लीतली धोंडुबाई शेजारीच भिजलेलं धान्य पसरत होती.

२२ नोव्हेंबर २००५

हळूहळू सगळ्या शेगड्या परत पेटल्या. मी दारोदार फिरून शेण घालायला लावलं. काहींची ज्योत बारीक आहे, पण आहे. सर खूश आहेत. त्या मोजदादीसाठी मार्चमध्ये परदेशी पाहुणे तपासायला येणार, तोवर एकही बंद पडता कामा नये.

आमचीच ज्योत अलीकडं दुपारनंतर मान टाकते. दोन म्हशी असून शेण पुरत नाही. आज गोठ्यात बघितलं तर सकाळची एक पाटी गायब. अव्वाच नेत असणार, शेणी थापून आपली चूल पेटवायला. विचारलं तर म्हणाल्या, "म्हशी माझ्या हाईत." हात कोपरापर्यंत शेणकाल्यानं भरलेले होते. शेणी थापताना इतके भरत नाहीत, पण वाद कशाला घाला.

त्यांच्या तोंडाला आल्याच्या चहाचा वास येत होता. परड्यातल्या चुलीत तर राख थंड होती. कुठं पितात काय माहीत.

१४ जानेवारी २००६

तीन दिवस कोल्हापुरात शिबिर होतं. आज परत आले ती डोक्यात भुंगा घेऊनच.

शिकवायला पुण्याहून एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, हा गॅस जळला तर बरा. न जळता तसाच हवेत गेला, तर तो साध्या धुराच्या वायूपेक्षा वीसपटीनं जास्त उष्णता धरून ठेवतो. मी हात वर केला. "टाकी फुटकी असेल आणि आपण शेण घालत राहिलो तर?"

"मग चूल परवडली," बाई म्हणाल्या.

खालच्या गल्लीतल्या बायका पाट्या वाहून वाहून शेण घालतायत, माझ्या सांगण्यावरून. ज्योत बारीक का, याचा मी विचारच केला नव्हता.

१९ जानेवारी २००६

पिराजीला घेऊन फिरले. घुमटावरची माती काढायची, साबणाचा फेस लावायचा आणि बघायचं. धोंडुबाईच्या टाकीवर फेस लावला आणि तो उकळल्यासारखा बुडबुडायला लागला. धोंडुबाई हसली, "आत कोण फुकतंय काय गं?" मला हसू आलं नाही.

खालच्या गल्लीत बहुतेक सगळीकडं तेच. पुरानं जमीन खचून घुमट तडकलेत.

३ फेब्रुवारी २००६

राजारामपुरीला जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"ताई, पाहुणे येईपर्यंत शेण घालत राहायला सांगा. शेगडी पेटलेली दिसली की झालं. नंतर दुरुस्त करू."

"पण सर, तोवर गळतंय ते?"

"चारशे घरांचा प्रकल्प आहे. तुमच्या गावावरून सगळं अडकलं तर पुढच्या गावांत एकही टाकी होणार नाही. त्याचं नुकसान मोजा की."

ते खोटं बोलत नव्हते. डोळ्यांखाली काळं झालं होतं त्यांच्या. बसमध्ये मी त्यांच्या बाजूनंच विचार करत होते. हातकणंगल्याला गाडी थांबली, पुढं निघाली, तरी ठरेना. मग डोळ्यापुढं तो फेस आला.

घरी येऊन चहासुद्धा न घेता खालच्या गल्लीत गेले आणि गळक्या टाक्यांत शेण घालणं बंद करायला सांगितलं. धोंडुबाई भडकली. "आधी म्हणलीस चूल फोडा, मग म्हणलीस शेण घाला, आता म्हणतीस घालू नका. आम्ही काय तुझी खेळणी हाय व्हय?"

तिचं चुकलं नाही. चुली परत पेटल्या. आज संध्याकाळी गल्लीत धूर होता, माझ्यामुळं. मी बरोबर केलं का?

१४ मार्च २००६

पाहुणे येऊन गेले. उंचशी जर्मन बाई, आणि दुभाषा म्हणून पुण्याचा एक माणूस. राजवीर सर आधी वरच्या गल्लीत घेऊन गेले. सगळं छान. ती बाई निघायच्या बेतात होती. सर माझ्याकडं बघत होते, मी पायांकडं बघत होते.

मग मी दुभाष्याला म्हणाले, "त्यांना सांगा, निम्म्याहून जास्त टाक्या बंद हाईत. पुरानं फुटल्या. मीच बंद करायला लावल्या. चला, दाखवते."

दुभाष्यानं सरांकडं बघितलं. सरांनी नजर वळवली. बाईला शब्द कळले नसतील, पण ती माझ्या मागनं चालायला लागली. धोंडुबाईच्या घुमटावर मी फेस लावला. बाई गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ बघत राहिली.

येताना तिनं झुंबरबाईंच्या दारात थांबून विचारलं, यांच्याकडं जनावर दिसत नाही, मग गॅस चालतो कशावर?

झुंबरबाई म्हणाल्या, "रत्नव्वा आणती की. रोज सकाळी पाटी घिऊन येती, कालवून घालती. मग आम्ही दोघी आल्याचा चहा घेतो."

दुभाष्यानं ते जर्मन बाईला सांगितलं. ती हसली. मला मात्र जमिनीनं उभ्या उभ्या पोटात घ्यावं असं झालं.

संध्याकाळी गोठ्यात गेले. अव्वा धार काढत होत्या.

"अव्वा, झुंबरबाईंच्यात गॅसवरचा चहा चालतो तुम्हाला?"

"चालतो."

"मग घरात का नाही?"

धार काही थांबली नाही. भांड्याकडंच बघत म्हणाल्या, "झुंबरीनं मला इचारलं. 'रत्ना, बसवू का गॅस?' म्हणून. तू इचारलीस? चाळीस वर्सं त्या चुलीपुढं बसली मी. पहार घालताना माझ्याकडं बघितलीस तरी का?"

लिंगाचं, संडासाचं, कशाचंच काही नव्हतं. मी तिथंच शेणात बसले. त्यांनी भांडं उचललं आणि जाता जाता म्हणाल्या, "साकु, साकु आता," म्हणजे त्यांच्या माहेरच्या कानडीत पुरे. "ऊठ, लुगडं भरलं बघ."

२७ एप्रिल २००६

प्रकल्पाचं काम थांबलं. तपासणी परत होणार, कधी ते कुणी सांगत नाही. राजवीर सर बेंगलोरला दुसऱ्या नोकरीवर चाललेत. निरोपाला भेटले. "तुम्ही खरं बोललात, ताई. पण मला त्या चारशे घरांचं वाईट वाटतं," म्हणाले. मलाही वाटतं, असं मी म्हणाले. दोघंही खरंच बोलत होतो.

आता टाक्या दुरुस्त करायला कुणी येणार नाही. म्हणजे आम्हीच. पण या खेपेला आधी विचारायचं.

अव्वांना घेऊन खालच्या गल्लीत गेले. धोंडुबाईच्या कट्ट्यावर सगळ्याजणी बसल्या. मी विचारलं, "गॅस पाहिजे का? नको असेल तर टाक्या बुजवू. पाहिजे असेल तर घुमटाला आतनं गिलावा करावा लागेल, आपल्या हातानं." भांडणं झाली, रडारड झाली. शेवटी धोंडुबाई म्हणाली, "पुराआधी सा म्हैनं माझा खोकला थांबलावता. मला पायजे."

सिमेंट कुठनं आणायचं यावर गाडी अडली. रस्त्यावरनं बाळासो ऐकत होता. "घर बांधताना उरलेली पोती पडल्यात माझ्यात. पावसात दगड हुतील. न्या," म्हणाला. आणि अव्वांना म्हणाला, "आईच्या डोळ्यांचं म्हणलावता ते टोचलं हुतं, अव्वा."

१६ मे २००६

आजचं आजच लिहून ठेवते.

पावसाआधी सगळं उरकायचं म्हणून मी पिराजीच्या मागं लागले होते. टाकी रिकामी केली की आतला उरलेला गॅस जायला काही दिवस उघडी ठेवायची असते. धोंडुबाईची काल रिकामी झाली आणि आज तो आत उतरायला निघाला. मीही अडवलं नाही. अव्वा मध्ये आल्या. "हिरीत उतरताना बांधतोस तसा दोर बांध कमरेला."

"पुरुषभर तर खोल हाय, अव्वा."

"बांध म्हणते न्हवं."

उतरला. थापीचा आवाज आला, मग थांबला. मी हाक मारली. उत्तर नाही. अव्वा ओरडल्या, "ओढा गं, ओढा!" आम्ही सगळ्या दोराला लागलो. भोकातनं त्याचे खांदे निघेनात. धोंडुबाईनं पालथं पडून काखेत हात घातला आणि उपसून काढला. ओठ निळे पडले होते. उघड्या हवेत ठेवला, छाती चोळली. केवढ्या वेळानं श्वास आला त्याला, आणि तेव्हा त्याची बायको माझ्या अंगावर धावून आली. तिनं मला मारलं असतं तरी मी हात वर केला नसता.

हातकणंगल्याच्या दवाखान्यात नेलाय. वाचला.

१९ मे २००६

पिराजी घरी आला. त्याला भेटायला गेले. बायको दारातच बसली होती, पण उठून वाट दिली.

"वरनं सगळं शिकवतो," पिराजी म्हणाला. "माल कसा मळायचा, कुठनं सुरू करायचं. पण आत न्हाई उतरणार. हिला शब्द दिलाय."

गावात एकच चर्चा. टाक्या बुजवा. आमचे हेसुद्धा म्हणाले, "झालं तेवढं बास." मी म्हणाले, "मी उतरते." ते ताट सारून उठले. अव्वा भांडी गोळा करायला लागल्या. मला वाटलं, त्या तरी अडवतील.

२४ मे २००६

हे हुपरीहून कारखान्यातला हवा मारायचा पंखा सायकलीला बांधून घेऊन आले, भट्टीला वारा घालतात तो. माझ्याशी चार दिवस बोलले नव्हते. आजही बोलले नाहीत. धोंडुबाईच्या टाकीच्या तोंडाशी पंखा बसवला, तिच्या घरातनं वायर ओढली आणि चालू केला. "चार दिवस असाच चालू दे. मग बघू," असं धोंडुबाईला म्हणाले. मला ऐकू येईल असं.

पिराजीनं दोन नियम घातलेत. कमरेला दोर. आणि आत माणूस असेपर्यंत वर एकानं बोलत राहायचं, आतल्यानं उत्तर देत राहायचं. उत्तर थांबलं की ओढायचं, विचार करत बसायचं नाही.

"वर कोण बसणार?" मी विचारलं.

"मी," अव्वा म्हणाल्या.

२९ मे २००६

आज उतरले.

आत अंधार आणि ओल, आणि पंख्याचा वारा मानेवर. टॉर्चच्या उजेडात तडा दिसला, वरनं खालपर्यंत, नदीसारखा वाकडा. बोट घातलं तर आत गेलं. मला वाटलं होतं भीती वाटेल. वाटलीच. पण हातात थापी होती आणि माल घट्ट व्हायच्या आत लावायचा होता.

"ऐकू येतंय न्हवं?" वरनं अव्वा.

"येतंय."

मग अव्वा बोलायला लागल्या. पंधरा वर्षांत माझ्याशी इतकं बोलल्या नसतील. आमटीत मी मीठ आधी घालते ते चूक. तांबडी म्हैस मला लाथ मारते, कारण मी तिच्या डाव्या बाजूनं जाते. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांना मराठी येत नव्हतं, पाणी मागायलासुद्धा शब्द नव्हता, म्हणून पहिले काही दिवस तहान लागली की त्या सरळ आडावर जायच्या. सासू म्हणायची, पोरीला आडाचं भारी वेड. हे सांगताना त्या हसल्या.  मग म्हणाल्या, त्यांच्या एका लेकीचं नावही विद्या ठेवायचं ठरलं होतं, ती जगली नाही.

माझी थापी थांबली.

"विद्या! हाईस न्हवं?"

दोर ताणला गेला. बायका उठल्याचा आवाज आला.

"हाय, अव्वा! हाय! ओढू नका."

दोर सैल झाला. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि अव्वा म्हणाल्या, "मग बोल की. मीच किती बोलू?"

मी बोलायला लागले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तडा खालपर्यंत भरून होईस्तोवर बोलत राहिले.